वेगाचे इंजिन, ओझ्याचे वाहन

जुन्या तीनचाकी वाहनातील मूळ इंजिन काढून त्या जागी डर्ट बाइकचे, म्हणजे कच्च्या रस्त्यांवर, चिखलात आणि शर्यतींच्या उंचसखल मैदानांवर धावणाऱ्या मोटरसायकलचे इंजिन बसवणे हे काम वरकरणी ताकद वाढवण्याचे वाटते. प्रत्यक्षात ते झाडाला कलम बांधण्याच्या जातीचे आहे. कलम बांधताना फांदी कितीही चांगल्या जातीची असली तरी ती ज्या खुंटावर बांधायची त्याच्या मुळांनी तिला स्वीकारावे लागते, आणि त्याचप्रमाणे वाहनाची चासी, चाके, ब्रेक, क्लच आणि थंड राहण्याची व्यवस्था या साऱ्यांनी नव्या इंजिनाला स्वीकारले तरच ते रुजते. इंजिन हे केवळ अश्वशक्तीचे गाठोडे नसून ती शक्ती कोणत्या वेगाला, किती ओढीने आणि कोणत्या ओझ्यासाठी द्यायची याचा तो आधीच घेतलेला निर्णय असतो. म्हणून इंजिन बदलताना तो निर्णयही बदलला जातो, आणि त्याचा हिशेब वाहनाच्या इतर प्रत्येक भागाला द्यावा लागतो.

तीनचाकीचा इतिहास पाहिला तर तिचा जन्मच अशा कलमातून झालेला दिसतो. इंग्लंडमध्ये एच. एफ. एस. मॉर्गन यांनी १९०९ साली घडवलेल्या पहिल्या तीनचाकीत प्यूजो कंपनीचे दोन सिलिंडरांचे इंजिन होते, आणि पुढच्या मॉर्गन तीनचाकी मोटरसायकलींसाठी तयार होणाऱ्या जेएपी इंजिनांवर नावारूपाला आल्या. इटलीत पियाज्जिओ कंपनीने १९४६ साली व्हेस्पा स्कूटर बाजारात आणली आणि दोनच वर्षांनी, १९४८ मध्ये, तिचेच १२५ घनसेंटीमीटरचे इंजिन मागे हौदा असलेल्या तीनचाकीला जोडून ‘आपे’ तयार केली. दोन्हींचे आरेखन कोर्रादिनो दास्कानिओ या विमानतंत्रज्ञाचे होते. याच इटालियन बनावटीच्या वाहनाकडे पाहून नवलमल कुंदनमल फिरोदिया यांनी माणसांच्या वाहतुकीसाठी ऑटोरिक्षेची कल्पना पुढे आणली आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई इलाख्याचे तत्कालीन गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्यासमोर ती मांडली. १९५८ साली फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीने हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याशी सहकार्य करून ‘हॅन्सिॲट’ ही पुढच्या चाकाला ओढ देणारी तीनचाकी मालगाडी आणली, जिच्यामुळे ‘टेम्पो’ हे एका कंपनीचे नाव मराठीत मालवाहू गाडीचे सामान्यनाम होऊन बसले. पुण्याजवळच्या आकुर्डीचे नाव याच पिढीच्या कारखान्यांमुळे तीनचाकींशी कायमचे जोडले गेले.

या इतिहासातली पुढची पायरी कारखान्यांबाहेर, रस्त्यावरच्या गॅरेजांत घडली. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक राहिलेल्या हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकलींना मागे प्रवाशांची बैठक जोडून दिल्लीत ‘फटफटी’ नावाच्या तीनचाकी धावू लागल्या. कालांतराने त्यांची मूळची पेट्रोल पिणारी मोठी इंजिने परवडेनाशी झाली, तेव्हा ती काढून शेतातल्या पंपासाठी बनवलेली डिझेल इंजिने त्यांच्या जागी बसवली गेली. सौराष्ट्रातल्या ‘छकडो’चे पुढचे अंग बुलेट मोटरसायकलचे आणि इंजिन एका सिलिंडरचे डिझेल, अशीच रचना आहे. मुंबईत १८५९ साली स्थापन झालेली ग्रीव्ह्ज कॉटन ही कंपनी पुढे अशा लहान डिझेल इंजिनांची मोठी उत्पादक ठरली आणि औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तयार होणारी तिची इंजिने देशभरच्या तीनचाकींत पोहोचली. ही सारी उदाहरणे एकाच दिशेने बोट दाखवतात: ज्यांना पोटासाठी वाहन चालवायचे होते त्यांनी वेगवान इंजिन काढून संथ पण जोरकस इंजिन बसवले. जुन्या तीनचाकीत डर्ट बाइकचे इंजिन बसवणारा हौशी कारागीर नेमक्या उलट दिशेने निघतो, आणि त्याच्या वाटेतल्या बहुतेक अडचणी या उलट्या दिशेतूनच उपजतात.

ताकद आणि ओढ

ही उलटी दिशा समजून घ्यायची तर टॉर्क आणि अश्वशक्ती यांतला फरक आधी स्पष्ट व्हायला हवा. टॉर्क म्हणजे आसाला पिळणारे बळ. घट्ट बसलेला नट सोडवताना पान्याच्या टोकाशी हाताने जे बळ लावले जाते, त्याला पान्याच्या लांबीने गुणले की टॉर्क मिळतो. अश्वशक्ती म्हणजे हे पिळणे किती वेगाने चालले आहे याचा हिशेब. म्हणून थोडा टॉर्क आणि पुष्कळ फेरे यांतून जितकी शक्ती निघते, तितकीच पुष्कळ टॉर्क आणि थोड्या फेऱ्यांतूनही निघू शकते, पण चालवणाऱ्याला या दोन इंजिनांचा अनुभव अगदी वेगळा येतो.

बजाजच्या जुन्या दोन-स्ट्रोक रिक्षेच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ५७ मिलिमीटर होती, ज्यातून १४५.४५ घनसेंटीमीटर हे आकारमान येते. हीरोच्या एक्सपल्स २०० या मोटरसायकलमध्ये व्यास ६६.५ आणि धाव ५७.५ मिलिमीटर आहे. धावेपेक्षा व्यास मोठा असल्यामुळे पिस्टनला एका फेऱ्यात कमी अंतर कापावे लागते, झडपांना अधिक जागा मिळते आणि इंजिन चढ्या फेऱ्यांवर सुखाने चालते. तिचा सुमारे १७ न्यूटन-मीटर इतका सर्वाधिक टॉर्क मिनिटाला साधारण ६,५०० फेऱ्यांवर मिळतो. याउलट रॉयल एनफील्डच्या ४११ घनसेंटीमीटरच्या हिमालयनमध्ये व्यास ७८ आणि धाव ८६ मिलिमीटर असल्याने तिचा ३२ न्यूटन-मीटर टॉर्क ४,००० ते ४,५०० फेऱ्यांच्या पट्ट्यातच हाती येतो. शर्यतीच्या दोन-स्ट्रोक डर्ट बाइकांची इंजिने एक्सपल्सहूनही वरच्या फेऱ्यांवर जागी होतात आणि त्याखाली ती निर्जीव भासतात. सिग्नलवर चार माणसे घेऊन उभ्या असलेल्या रिक्षेला जोर लागतो तो पहिल्या दोन मीटरांत, जिथे असे इंजिन सर्वांत दुबळे असते. म्हणूनच तीनचाकीसाठी निवड करताना लांब धावेचे, खालच्या फेऱ्यांवर ओढणारे चार-स्ट्रोक इंजिन शर्यतीच्या इंजिनापेक्षा अधिक उपयोगी पडते, मग त्याची अश्वशक्ती कागदावर कमी का दिसेना.

लहान चाकाचे मोठे काम

इंजिनाइतकेच महत्त्व चाकाच्या आकाराला आहे. एक्सपल्ससारख्या मोटरसायकलचे मागचे चाक टायरसह सुमारे ६५ सेंटीमीटर व्यासाचे असते, म्हणजे एका फेऱ्यात ते जवळपास २.०४ मीटर पुढे जाते. रिक्षेचे आठ इंची रिमचे चाक टायरसह सुमारे ४१ सेंटीमीटर व्यासाचे असते आणि एका फेऱ्यात १.२९ मीटरच जाते. दोन्ही चाके मिनिटाला ५०० वेळा फिरली तर मोटरसायकल ताशी ६१ किलोमीटरने धावेल आणि रिक्षा ताशी ३९ किलोमीटरने. वेग ज्या प्रमाणात उतरला त्याच प्रमाणात, म्हणजे १.६ पट, जमिनीवरची ओढ वाढलेली असते. एकही गिअर न बदलता, केवळ चाक लहान असल्यामुळे, वेगाचे इंजिन ओझ्याकडे एक पाऊल आपोआप सरकते.

याचा सर्वांत मोठा फायदा क्लचला होतो. गाडी उभी असताना इंजिन फिरत असते आणि चाक स्थिर असते. हा फरक मिटेपर्यंत क्लचच्या प्लेटा एकमेकींवर घासत राहतात आणि त्या घर्षणाची उष्णता त्यांनाच सोसावी लागते. ही उष्णता साधारणपणे गाडीने तेवढ्या वेळात मिळवलेल्या गतिज ऊर्जेइतकी असते, आणि गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. स्वारासह तीनशे किलोच्या मोटरसायकलसाठी बनवलेल्या क्लचवर सहाशे किलोची भरलेली रिक्षा आली तर ओझे दुप्पट होते. परंतु लहान चाकामुळे क्लच पूर्ण पकडण्याचा क्षण १.६ पट कमी वेगाला येत असल्याने ऊर्जा सुमारे अडीच पटीने घटते, आणि दोन्हींचा मेळ घातला तर क्लचवरचा ताण मूळच्या चार पंचमांश एवढाच उरतो. हा हिशेब सपाट रस्त्याचा आहे. चढावर ताण वाढतोच. तरी त्यातून एक व्यवहारी धडा मिळतो: देखणेपणासाठी मोठी चाके बसवणारा कारागीर रिक्षेने स्वतःहून देऊ केलेले हे संरक्षण गमावून बसतो.

दोन चाकांचे भांडण

मोटरसायकलच्या इंजिनातून शक्ती बाहेर येते ती एका छोट्या दातेरी चक्रातून, म्हणजे स्प्रॉकेटमधून, आणि चेनने ती एकाच चाकाकडे जाते. मागे इंजिन असलेल्या रिक्षेत मात्र गिअरबॉक्स, मागे जाण्याचा गिअर आणि डिफरन्शिअल ही सारी यंत्रणा इंजिनाशी एकाच जुडग्यात असते, त्यामुळे जुने इंजिन उचलले की तीही त्याच्यासोबत निघून जाते आणि नव्या इंजिनाकडे तिच्या जागी ठेवायला काहीच नसते.

डिफरन्शिअल म्हणजे दोन चाकांना एकाच शक्तीवर वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दात्यांची रचना. तिची गरज किती खरी आहे हे एका साध्या गणिताने कळते. मागच्या दोन चाकांतले अंतर १.२ मीटर धरले आणि गाडीने अर्धे वर्तुळ घेऊन तोंड फिरवले, तर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा सुमारे ३.७७ मीटर जास्त चालावे लागते, मग वळण लहान असो की मोठे. रिक्षेच्या चाकासाठी हे जवळपास तीन पूर्ण फेरे झाले. दोन्ही चाके एकाच सळीवर घट्ट जोडली तर हे तीन फेरे टायरला रस्त्यावर घासून भरून काढावे लागतात. मातीत हे खपून जाते, कारण माती सरकते, पण डांबरावर टायर झिजतो, सळीला पीळ बसतो आणि पुढचे एकटे चाक वळवू पाहत असतानाही गाडी सरळ जाण्याचा हट्ट धरते. त्यामुळे रस्त्यावर चालवायच्या तीनचाकीत स्प्रॉकेट जोडलेले डिफरन्शिअल वेगळे बसवणे हा मार्ग खर्चिक असला तरी योग्य आहे. चेन बसवताना दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत की नाहीत हे सरळ पट्टी लावून पाहावे लागते, कारण त्यांत थोडाही तिरकेपणा राहिला तर चेन दात्यांच्या एका बाजूला घासत राहते आणि तिचे आयुष्य झपाट्याने सरते. मागे जाण्यासाठी वेगळी गिअरपेटी किंवा लहान विद्युत मोटर जोडावी लागते. मोटरसायकल पायाने ढकलून मागे घेता येते, पण प्रवाशांनी भरलेली रिक्षा अरुंद गल्लीत तशी मागे घेता येत नाही.

लोखंड, धूळ आणि उष्णता

या कामाची भौतिक बाजू पाहण्यासाठी रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूर रस्त्यावरची सिलतरा औद्योगिक वसाहत हे समर्पक ठिकाण आहे. येथे फिरत्या भट्ट्यांत कोळशाच्या साहाय्याने लोहखनिजातला प्राणवायू काढून स्पंज आयर्न, म्हणजे सच्छिद्र लोखंड, तयार होते. ते विद्युतभट्टीत वितळवून त्याचे बिलेट ओततात आणि लाटण गिरण्यांत त्यांचा पोलादी माल बनतो.  इंजिन धरून ठेवणारी चौकट, जिला कारागीर ‘माउंटिंग’ म्हणतात, ती अशाच सौम्य पोलादाच्या अँगल, चॅनल आणि पट्ट्यांतून घडते.

सौम्य पोलाद हे कामाला सोपे असले तरी एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर हा त्याचा खरा शत्रू आहे. अशा इंजिनात पिस्टन वरखाली जाताना प्रत्येक फेऱ्याला एक झटका बसतो. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर तो सेकंदाला शंभर वेळा बसतो. एका मोठ्या धक्क्याने न तुटणारा धातू अशा लाखो लहान धक्क्यांनी थकतो आणि बहुधा वेल्डिंगच्या कडेला, जिथे तापून थंड झालेल्या पट्ट्यात धातूची घडण बदललेली असते, तिथेच चिरतो. म्हणून जाणते कारागीर जुन्या चासीच्या पातळ पत्र्यावर थेट वेल्डिंग करण्याऐवजी रुंद प्लेट लावून ओझे पसरवतात, कोपऱ्यांना त्रिकोणी आधार देतात आणि इंजिन व चौकट यांच्यामध्ये रबरी बुश घालतात. रबर फार मऊ असले तर चेनच्या ओढीने इंजिन तिरके होते, फार कठीण असले तर थरथर जशीच्या तशी पत्र्यात उतरते. या दोन टोकांमधली जागा हाताच्या अनुभवानेच सापडते.

सिलतऱ्याची हवा आणखी एक धडा शिकवते. कोळशाची राख आणि लोखंडाचे बारीक कण मिसळलेली तिथली काळसर धूळ इंजिनात गेली तर ती सिलिंडरची भिंत पॉलिश कागदाने घासल्यासारखी झिजवते. डर्ट बाइक धुळीसाठीच जन्मलेली असल्याने तिचे हवागाळण तेल लावलेल्या स्पंजचे आणि उंचावर, सीटखाली ठेवलेले असते. तीनचाकीत ते मागच्या चाकाजवळ आले तर चाकाने उडवलेली सारी धूळ त्याच्याच वाट्याला येते. त्यामुळे हवेची नळी लांबवून तिचे तोंड छपराकडे नेणे शहाणपणाचे ठरते, मात्र नळीची लांबी आणि व्यास बदलले की कार्ब्युरेटरचे पेट्रोल-हवेचे प्रमाणही नव्याने जुळवावे लागते.

उष्णतेचे गणितही असेच उलटते. मोटरसायकलचे हवेने थंड होणारे इंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्यावर विसंबून असते, तर रिक्षेचे जुने इंजिन बंद डब्यात बसवण्यासाठीच बनवलेले असल्याने त्याच्या फ्लायव्हीलवर पंखा आणि भोवती वारा वळवणारे पत्र्याचे आवरण असते. उघड्या हवेचे इंजिन सीटमागच्या डब्यात कोंडले आणि ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ताशी २० किलोमीटरने चालवले, तर त्याच्या पंखांसारख्या पातळ पट्ट्यांना हवाच मिळत नाही. त्यावर विद्युत पंखा, तेल थंड करणारी जाळी आणि गरम हवा बाहेर पडण्यासाठी मागे मोकळी वाट, असे तिन्ही उपाय एकत्र करावे लागतात. पाण्याने थंड होणारे इंजिन असेल तर रेडिएटर पुढे नेऊन त्याच्या नळ्या चासीखालून सांभाळून आणाव्या लागतात.

वळणावरचे सत्य

इतके सगळे जमल्यावरही सर्वांत अवघड प्रश्न उरतोच, तो म्हणजे वाढलेला वेग सोसण्याची वाहनाची पात्रता. चारचाकी वळणावर कलंडते ती बाहेरच्या दोन चाकांना जोडणाऱ्या रेषेवरून. पुढे एकच चाक असलेली तीनचाकी कलंडते ती पुढचे चाक आणि बाहेरचे मागचे चाक यांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेवरून, आणि ही रेषा भारमध्याच्या, म्हणजे साऱ्या वजनाचा तोल जिथे साधतो त्या बिंदूच्या, बरीच जवळ असते. मागच्या चाकांतले अंतर १.२ मीटर, भारमध्य जमिनीपासून ०.७ मीटर उंच आणि पुढच्या चाकापासून मागच्या आसापर्यंतच्या अंतराच्या दोन तृतीयांशावर धरला, तर २० मीटर त्रिज्येच्या वळणावर चारचाकी ताशी सुमारे ४७ किलोमीटरपर्यंत तग धरते, तर तीनचाकी ३८ ला आतले चाक उचलते. स्प्रिंगांवर झुकणारी, डोलणाऱ्या प्रवाशांची खरी गाडी त्याहूनही आधी. त्यात वळतानाच ब्रेक दाबला तर वजन पुढच्या एकट्या चाकाकडे झुकते, म्हणजे जिथे आधार सर्वांत अरुंद आहे तिथेच. जड इंजिन मागे आणि खाली बसवल्याने हा धोका कमी होतो, पण फार मागे गेले तर पुढचे चाक हलके होऊन चढावर हँडल पोकळ लागते.

ब्रेकचेही तसेच. वेग दीडपट झाला की थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते, आणि आठ इंची रिमच्या आत मावणाऱ्या जुन्या ड्रमला तेवढी उष्णता पचवण्याची क्षमता कोणी दिलेली नसते. म्हणून कामाचा खरा क्रम उलटा असायला हवा: आधी ब्रेक, मग बैठक आणि चासी, मग डिफरन्शिअल, आणि या सगळ्यांनी होकार दिल्यावर इंजिन.

कायद्यानेही हाच सावधपणा बांधून ठेवला आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा असाच काटेकोर अर्थ लावला. त्यामुळे डर्ट बाइकचे इंजिन लावलेल्या रिक्षेची जागा खासगी मैदानावर किंवा प्रदर्शनात आहे, सार्वजनिक रस्त्यावर नाही. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली, परंतु ती व्याख्या दुचाकी आणि चारचाकींपुरती आहे. ज्या तीनचाकीने या देशाची माणसे आणि माल वाहिला तिच्या वारशाला कागदावर अजून जागा मिळालेली नाही. म्हणूनच ज्याच्या हाती जुनी तीनचाकी येते त्याच्यावर जबाबदारी मोठी आहे: पत्रा कापू नये, नवी चौकट नटबोल्टने जोडावी, आणि उतरवलेले इंजिन तेल लावून, त्याच्या क्रमांकासह, कोरड्या जागी जपून ठेवावे, म्हणजे कलम कधीही सोडवून खुंट पूर्वीसारखा उभा करता येईल.

कलम ५२ मध्ये एक दार मात्र उघडे आहे: मान्यताप्राप्त संच बसवून वाहन सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर चालवण्याची परवानगी कायदा देतो, आणि वाहने व त्यांचे भाग तपासण्याचे काम १९६६ पासून चालत आलेल्या पुण्याच्या एआरएआय या संस्थेसारख्या संस्था करतात. विद्युत मोटर उभ्या गाडीतच, शून्य फेऱ्यांवर, आपला भरपूर टॉर्क देते, तिला घासणारा क्लच लागत नाही आणि तिला उलटे फिरवले की गाडी मागे जाते. दिल्लीच्या फटफटीवाल्याने पंपाचे इंजिन बसवून आणि सौराष्ट्राच्या छकडेवाल्याने डिझेलची कास धरून जे शोधले, ती पहिल्या दोन मीटरांची ओढच या मोटरीत जन्मजात असते. हौसेने डर्ट बाइकचे इंजिन बसवणाऱ्यालाही अखेर त्याच दोन मीटरांपाशी यावे लागते, कारण तीनचाकी ओझ्यासाठी जन्मली आहे आणि तिच्यावर कोणतेही इंजिन बांधले तरी ओझे उचलताना ते कसे वागते यावरच ते रुजले की नाही हे ठरते.